तारकांच्या प्रकाशाचे अभ्यासक : फादर अँजेलो सेक्की

रोम येथील संत इग्नेशिअस चर्चवर भव्य घुमट उभारण्याचे योजिले होते. तो घुमट कधीच झाला नाही. त्याचा भार पेलण्यासाठी रचलेले प्रचंड खांब मात्र तसेच राहिले. दुर्बिणीला किंचितही हादरा चालत नाही. म्हणून येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत याच खांबांच्या आधाराने चर्चच्या छपरावर आपली वेधशाळा उभी केली.

फादर सेक्की यांचा जन्म १८१८ साली इटलीतील रेज्जो एमिलिया या नगरात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते येशूसंघात दाखल झाले व १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी रोममधील राजकीय उठावामुळे येशूसंघीयांना देश सोडावा लागला. इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट व अमेरिकेतील जॉर्जटाऊन येथे राहून ते १८४९ साली परतले आणि रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख झाले.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा, म्हणजेच वर्णपट, दिसतो व त्यात काळ्या रेषा आढळतात. कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे मात्र तारा स्वतः सांगत नाही. त्यासाठी ओळखीचा प्रकाश शेजारी ठेवावा लागतो. त्या काळचे निरीक्षक सोडियमची ज्योत किंवा हायड्रोजन भरलेली, विजेने उजळणारी काचनळी त्यासाठी वापरीत. आजही वेधशाळांत ताऱ्याच्या छायाचित्राच्या आधी वा नंतर निऑन, आरगॉन किंवा थोरियमच्या दिव्याचे छायाचित्र घेतात. त्याच्या ज्ञात रेषांवरून वर्णपटाचे मोजमाप लावले जाते. सेक्की यांच्याजवळ ताऱ्यांच्या वर्णपटांसाठी छायाचित्रणाची सोय नव्हती. डोळा दुर्बिणीला लावायचा, पाहायचे आणि हाताने चित्र काढायचे.

या रीतीने त्यांनी सुमारे ४,००० ताऱ्यांचे वर्णपट तपासले व त्यांची वर्गवारी केली. व्याध व अभिजित यांसारखे शुभ्र तारे पहिल्या वर्गात, सूर्यासारखे पिवळे दुसऱ्यात, तांबूस काक्षी तिसऱ्यात. १८६८ साली त्यांनी गडद लाल ताऱ्यांचा चौथा वर्ग मांडला. त्यांच्या पट्ट्यांची तुलना कार्बनयुक्त पदार्थांच्या प्रकाशाशी करून त्यांनी तेथे कार्बन असल्याचे ओळखले. पुढे हार्वर्डच्या पद्धतीने ही वर्गवारी मागे पडली. पण ताऱ्यांना त्यांच्या प्रकाशावरून वर्गांत बसविता येते, ही वाट त्यांनीच रुळविली. रेषांच्या सूक्ष्म सरकण्यावरून ताऱ्यांचा वेग शोधण्याचाही त्यांनी प्रयत्न केला, परंतु त्यांच्या उपकरणाला तेवढे सूक्ष्म मोजमाप साधले नाही. (समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्याची तबकडीही त्यांचीच. १८६५ साली पोपमहोदयांच्या जहाजावरून त्यांनी तिचे प्रयोग केले. ती आजही वापरात आहे.)

१८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले. नव्या सरकारने त्यांना विद्यापीठातील अध्यापनाचे मानाचे पद देऊ केले. पोपमहोदय व आपला संघ यांच्याशी असलेल्या निष्ठेमुळे त्यांनी ते अखेर नाकारले. १८७३ च्या कायद्याने रोमन कॉलेज येशूसंघाच्या हातून गेले, तथापि सेक्की यांना वेधशाळेतून काढण्याचे धाडस सरकारने केले नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांत त्यांचा लौकिकच तसा होता. परक्या झालेल्या वास्तूच्या छपरावर ते रात्रीमागून रात्र निरीक्षणे करीत राहिले. १८७७ साली त्यांचा ताऱ्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

२६ फेब्रुवारी १८७८ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. पुढील वर्षी सरकारने वेधशाळेचा ताबा घेतला.