बीट्रिक्स पॉटरबाई व रानांतील भूछत्रें

पीटर नांवाच्या सशाची गोष्ट लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरबाईंचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु ह्याच बाई एके काळीं भूछत्रांच्या, म्हणजे ज्यांस आपण अळंबी किंवा कुत्र्याच्या छत्र्या म्हणतों त्यांच्या, मोठ्या अभ्यासक होत्या, हें थोड्यांसच माहीत असतें. त्यांच्या चरित्राचा तो भाग आम्ही येथें सांगतों. कारण त्यांत विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही घेण्याजोगें पुष्कळ आहे.

बाईंचा जन्म २८ जुलै १८६६ रोजीं लंडन शहरीं एका सधन कुटुंबांत झाला. त्यांस शाळेंत न घालतां घरींच शिक्षिका ठेवून शिकविण्यांत आलें. धाकटा भाऊ व पाळलेले ससे, उंदीर हेच काय ते सोबती. उन्हाळ्यांत कुटुंब स्कॉटलंडांत जाऊन राही. तेथील रानांत उगवणाऱ्या रंगीबेरंगी छत्र्यांनीं त्यांचें मन वेधलें, व त्या छत्र्यांचीं चित्रें त्या काढूं लागल्या.

१८९२ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश ह्या टपालवाल्याशीं त्यांची गांठ पडली. हा मनुष्य पर्थशायरच्या खेड्यापाड्यांतून पायीं टपाल वांटतां वांटतां निसर्गाचा मोठा जाणता झाला होता. छत्री नुसती वरून रंगवून ओळख पटत नाहीं. टोपीखालचे पातळ पडदे व उभा छेद हींही दाखविलीं पाहिजेत, हें त्यानें बाईंस समजावून दिलें. पुढें तो टपालानें नमुने धाडी व बाई त्यांचीं चित्रें काढून एक प्रत त्यास पाठवीत. श्रीमंताघरच्या ह्या मुलीस टपालवाल्यापाशीं शिकण्यांत कधींच कमीपणा वाटला नाहीं.

पुढें सूक्ष्मदर्शक घेऊन बाईंनीं छत्र्यांचे बीजकण घरींच रुजविले व ते कसे वाढतात ह्याच्या टिपणी ठेविल्या. त्यांवरून लिहिलेला निबंध १ एप्रिल १८९७ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें मांडण्यांत आला. परंतु स्त्रियांस त्या सभेंत बसण्याची मुभा नसल्यामुळें क्यू येथील बागेंतील जॉर्ज मॅसी ह्यांनीं तो सादर केला. निबंध छापला गेला नाहीं. बाईंनीं तो परत घेतला आणि आज त्याचा पत्ता नाहीं. ह्या अन्यायाची कबुली संस्थेनें दिली ती १९९७ सालीं, म्हणजे शंभर वर्षांनंतर!

मॅकिंटॉशनें दिलेला धडा केवळ चित्रकारासाठीं नाहीं. त्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. युरोपांतील रानांत फिकट हिरवट टोपीची एक छत्री उगवते. ती दिसण्यांत साधी, चवीसही वाईट नाहीं. परंतु तिच्यांतील विष शिजविल्यानें जात नाहीं. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासपर्यंत कांहींच होत नाहीं. मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. मध्यें रोगी बरा झाल्यासारखा वाटतो, आणि आंतून यकृत नासत असतें. तिची मुख्य खूण म्हणजे देठाच्या बुडाशीं असलेली पेल्यासारखी पिशवी. ही बहुधा मातींत दडलेली असते. छत्री वरच्यावर खुडणारास ती दिसणार कशी? म्हणून नवशिक्यानें छत्री मुळासकट उकरून काढावी. टोपी, पडदे, देठावरील कडें व बूड हीं सर्व पाहावीं. टोपी रात्रभर कागदावर ठेवून बीजकणांचा रंग पाहावा. आणि इतकें करूनही जाणत्या मनुष्यानें प्रत्यक्ष पाहून निर्वाळा दिल्यावांचून तोंडांत घालूं नये.

आपल्याकडेही पावसाळ्यांत वारुळावरची अळंबी लोक आवडीनें खातात. त्या वेळीं चांदीचें नाणें काळें पडलें नाहीं, अथवा किड्यांनीं छत्री कुरतडली आहे, म्हणून ती निर्विष, असें कोणी सांगितल्यास आमच्या विद्यार्थ्यांनीं मुळींच विश्वास ठेवूं नये. ह्या परीक्षा खोट्या आहेत. खाल्ल्यावर शंका आली तर त्रास होण्याची वाट न पाहतां, उरलेली छत्री बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

निबंधाची उपेक्षा झाली तरी बाईंनीं हातपाय गाळले नाहींत. १८९३ सालीं आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलास त्यांनीं पत्रांतून सशाची एक गोष्ट चित्रांसह लिहून पाठविली होती. तीच १९०२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली व घरोघरीं गेली. २२ डिसेंबर १९४३ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां सुमारें ४००० एकर जमीन त्यांनीं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे लोकांस, देऊन टाकिली. भूछत्रांचीं चित्रें अँबलसाइड येथील आर्मिट ग्रंथसंग्रहास मिळालीं, आणि १९६७ सालीं त्यांतील ५९ चित्रें भूछत्रें ओळखण्याच्या एका पुस्तकांत छापलीं गेलीं. विद्वानांच्या सभेनें ज्यांस दाराबाहेर ठेविलें, त्यांच्याच चित्रांवरून पुढें सामान्य लोक रानांतील छत्र्या ओळखावयास शिकले. डोळे उघडे ठेवून, धीर धरून केलेलें काम वायां जात नाहीं, हें आमच्या मुलामुलींनीं ह्यावरून ध्यानांत ठेवावें.