घुबडाने डोळा नेला, पण कॅमेरा सुटला नाही : पक्ष्यांचे फोटोग्राफर एरिक हॉस्किंग

पक्षी सप्ताह विशेष

विहिरीच्या कपारीत घुबडाची पिल्लं दिसली की आज पहिलं काम काय होतं? खिशातून मोबाईल निघतो. कुणी बॅटरी मारतं, कुणी काठीनं पिल्लू पुढं सरकवतं, आणि पाच मिनिटांत व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पडतो. त्या पिल्लांची आई कुठं आहे आणि ती परत येणार की नाही, हे बघायला मागं कुणी थांबत नाही.

अशाच एका घुबडाच्या घरट्यापाशी फोटो काढायला गेलेल्या माणसाचा डोळा गेला होता. त्याच घुबडानं फोडला. तरीही तो माणूस पुढं पन्नास वर्षं पक्ष्यांचे फोटो काढत राहिला आणि जगातला एक नावाजलेला पक्षी छायाचित्रकार झाला. त्यांचं नाव एरिक हॉस्किंग. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. त्या निमित्तानं या इंग्रज माणसाची गोष्ट आपल्याकडंही माहीत असायला हवी.

शाळा सुटली, छंद सुटला नाही

हॉस्किंग यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. लहानपणीच त्यांच्या हाती ब्राउनी नावाचा खोक्यासारखा साधा कॅमेरा आला. त्या काळी तो पोराटोरांचा, हौशी लोकांचा कॅमेरा म्हणून ओळखला जायचा. एक भिंग, एक बटण, बस्स. जवळची वस्तू त्यात नीट टिपता यायची नाही, त्यामुळं घरट्याजवळ नेऊन बटण दाबलं की चित्र धुरकट यायचं. पण एरिकला नाद लागला तो लागलाच.

शाळेत त्यांचा फारसा जम बसला नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते मोटारींच्या धंद्यातल्या एका कंपनीत कामाला लागले. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन रानात, असा क्रम होता. १९२९ च्या सुमारास मंदीची झळ बसू लागली आणि ती नोकरीही गेली. वीस वर्षांचा पोरगा, हाताला काम नाही, आणि येतं काय तर पाखरांचे फोटो काढता.

त्याच सुमारास त्यांना एका वृत्तपत्रासाठी काम मिळालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक अवाढव्य सील होता, त्याचा फोटो हवा होता. फोटो छापून आला, पैसे मिळाले, आणि या छंदावर पोट भरता येईल असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. तेव्हा नुसत्या पक्ष्यांच्या फोटोंवर कुणाचं घर चालत नव्हतं. हॉस्किंग यांनी तो धोका पत्करला. फोटो विकायचे, पडद्यावर चित्रं दाखवून भाषणं द्यायची, लेख लिहायचे, असं करत त्यांनी जम बसवला.

राखणीच्या माळ्यासारखा माळा

त्यांचा कामाचा कॅमेरा म्हणजे सँडरसन कंपनीचा लाकडी कॅमेरा. तिवईवर उभा करायचा, मागून काचेची पाटी सरकवायची, एक फोटो काढायचा, पाटी बदलायची, मग दुसरा. आज आपण एका दमात पन्नास फोटो काढतो आणि त्यातले पंचेचाळीस पुसून टाकतो. त्यांना एका फोटोसाठी कधी कधी दिवस घालवावा लागे. पाटी चुकली की पैसेही गेले आणि संधीही गेली.

लांबचं जवळ आणणारी आजच्यासारखी भिंगं नसल्यानं पक्ष्याच्या अगदी जवळ जावं लागायचं. त्यासाठी लपण करायचं. कापडाची लहानशी राहुटी, आत एक माणूस आणि कॅमेरा, पुढं एक भोक. घरटं झाडावर उंच असेल तर बांबू-लाकडं बांधून उंच माळा उभारायचा आणि त्यावर राहुटी चढवायची. ज्वारीच्या राखणीला आपल्याकडं माळा करतात, तसाच. फरक एवढाच की आपण माळ्यावर बसून पाखरं हाकलतो, आणि ते पाखरू येण्याची वाट बघायचे.

पण हा माळा एका दिवसात घरट्यासमोर उभा करायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम. आधी लांब उभा करायचा. पक्षी सरावला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा पुढं सरकवायचा, मग अजून थोडा. ही गोष्ट शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. नवं बुजगावणं चार दिवस काम करतं, पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यावर कावळा बसतो. बुजगावण्याच्या बाबतीत जे आपलं नुकसान, तेच फोटो काढणाऱ्याचं भांडवल.

दुसरी युक्ती माणसांची. लपणात एकट्यानं शिरायचं नाही. दोघांनी मिळून जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं उघडपणे निघून जायचं. पक्ष्याला आकडेमोड येत नाही. माणूस गेला एवढं त्याला दिसतं आणि तो निर्धास्तपणे घरट्यावर परततो. आतल्या माणसानं मात्र हालचाल न करता तासन् तास बसायचं. पाय अवघडला, डास चावला, तरी चुप्प.

मे १९३७ ची ती रात्र

वेल्स हा इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथल्या एका रानात हॉस्किंग घुबडाच्या घरट्याचे फोटो काढत होते. ही तिकडची तपकिरी रंगाची, जंगलात राहणारी घुबडाची जात. पिल्लं असताना ही मादी फार आक्रमक होते. अंधारातल्या फोटोसाठी तेव्हा फ्लॅशचे बल्ब वापरत. एक बल्ब एकदाच पेटायचा, मग तो बदलावा लागायचा.

अंधार पडल्यावर हॉस्किंग माळ्यावर चढत होते. काही आवाज आला नाही. घुबडाच्या पंखांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळं ते उडताना हवा कापल्याचा आवाज होत नाही. उंदराला जसं शेवटपर्यंत कळत नाही, तसं त्यांनाही कळलं नाही. घुबड थेट तोंडावर आलं आणि त्याची नखी डाव्या डोळ्यात घुसली.

त्यांना लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयात नेण्यात आलं. तेव्हा पेनिसिलिनसारखी औषधं दवाखान्यात आली नव्हती. जखमेत जंतुसंसर्ग झाला. असा संसर्ग वाढला तर चांगला डोळाही जाण्याची भीती होती. दोन वाटा होत्या. डावा डोळा काढून टाकायचा, नाहीतर दोन्ही डोळ्यांवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. वय फक्त सत्तावीस, आणि पोट डोळ्यांवरच अवलंबून. त्यांनी डोळा काढू दिला.

ही बातमी तिकडच्या वृत्तपत्रांत गाजली. हॉस्किंग हे नाव त्यामुळंच कित्येकांना पहिल्यांदा कळलं. आता हा माणूस हा धंदा सोडणार, असं कुणालाही वाटलं असतं. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज नीट लागत नाही, आणि यांना रात्रीअपरात्री झाडाएवढ्या माळ्यावर चढायचं होतं. पण दवाखान्यातून सुटल्यावर ते पुन्हा घुबडांकडेच गेले. पिल्लांच्या रक्षणासाठी आईनं जे करायचं तेच घुबडानं केलं होतं. त्यांनी त्याचा सूड घेतला नाही की घुबडांची निंदानालस्ती केली नाही. उलट पुढं १९४५ साली सिरिल न्यूबेरी या सहकाऱ्यासोबत त्यांनी रात्रीच्या पक्ष्यांवर आख्खं पुस्तक काढलं.

गव्हाणी घुबडाचा फोटो

१९४६ च्या सुमारास त्यांच्या कामाला नवं वळण मिळालं. फिलिप हेन्री या तंत्रज्ञानं त्यांच्यासाठी विजेवर चालणारा अतिवेगवान फ्लॅश तयार केला. सेकंदाच्या हजारो भागांतल्या एका भागापुरता लखलखाट व्हायचा. तेवढ्या वेळात पंखाची फडफडही गोठून जायची. सोबत प्रकाशाचा एक झोत असायचा. उडता पक्षी त्या झोतातून गेला की कॅमेरा आपोआप चालायचा. म्हणजे पक्षीच आपला फोटो काढायचा.

१९४८ साली त्यांनी काढलेला एक फोटो जगभर गाजला. पांढरंशुभ्र गव्हाणी घुबड, दोन्ही पंख पसरलेले, चोचीत रानउंदीर. जुन्या राजांच्या ढालीवर कोरलेलं चिन्हच जणू. या जातकुळीचं घुबड आपल्याकडंही आहे. पडक्या वाड्यात, देवळाच्या माळवदात, गोदामात त्याचा मुक्काम असतो. ते बसतं त्या जागेखाली काळसर गोळे पडलेले दिसतात. गोळा फोडून बघितला तर आत उंदरांची हाडं आणि केस निघतात. शेतातला उंदीर फुकटात मारणारा हा गडी आहे, आणि आपण त्याला अपशकुनी म्हणतो. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन झिजवतं आणि तसा मारणारा माणूस झिजतो, असं म्हातारी माणसं सांगायची. निदान त्या भीतीनं तरी दगड थांबायचे. आता जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे दिवाळीच्या सुमारास फिरतात, त्यांना ही भीतीही उरलेली नाही.

रान वाचवणारे फोटो

हॉस्किंग यांच्या फोटोंनी नुसती भिंत सजली नाही. १९५० च्या दशकात गाय माउंटफोर्ट यांच्या नेतृत्वाखाली काही पक्षीतज्ज्ञ स्पेनमधल्या डोन्याना या पाणथळ रानात गेले. हॉस्किंग त्या मोहिमांत फोटोग्राफर होते. १९५८ साली त्यावर पुस्तक निघालं आणि हे रान काय आहे ते लोकांना डोळ्यांनी दिसलं. पुढं ती जमीन वाचवण्यासाठी पैसा उभा राहिला आणि १९६९ साली डोन्याना राष्ट्रीय उद्यान झालं. हे एकट्या हॉस्किंग यांचं काम नव्हे, पण त्यांच्या चित्रांचा त्यात वाटा होता.

‘ब्रिटिश बर्ड्स’ या पक्ष्यांवरच्या मासिकाच्या छायाचित्रांची बाजूही त्यांनी १९६० पासून बरीच वर्षं सांभाळली. इंग्लंडमध्ये १९६७ साली दुर्मिळ पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं गुन्हा ठरलं. फोटो काढायचा तरी परवानगी लागू झाली. पक्षी आधी, फोटो नंतर, हा हॉस्किंग यांच्या पिढीतल्या चांगल्या फोटोग्राफरांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. कायद्यानं तो सगळ्यांना लागू केला.

१९७० साली त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातच श्लेष आहे. पक्षी ओळखणारी नजर असाही त्याचा अर्थ होतो, आणि पक्ष्यापायी दिलेला डोळा असाही. १९७७ साली ब्रिटिश सरकारनं त्यांना ओबीई हा किताब दिला. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले. त्यांचा मुलगाही वन्यजीव छायाचित्रकारच झाला.

आपल्या बांधावरचा कायदा

आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसतं मारणं नाही, तर रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. म्हणजे व्हिडिओसाठी काठीनं पिल्लू बाहेर काढणं ही गंमत नाही, गुन्हा आहे. वारंवार माणसं घरट्याशी गेली तर आई घरटं सोडू शकते. घरट्यापुढची फांदी फोटोसाठी मोडली तर पिल्लं उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. आणि घुबडाच्या घरट्याचा ठिकाणासकट फोटो ग्रुपवर टाकला तर तो पकडणाऱ्यांच्याही हाती जातो.

फोटो जरूर काढावा. आज साध्या मोबाईललाही झूम आहे, राहुटी बांधायची गरज नाही. लांब उभं राहावं, बॅटरी मारू नये, दोन मिनिटांत निघावं. पिल्लं उडून गेल्यावर फोटो टाकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. हॉस्किंग एका फोटोसाठी चार-चार दिवस माळा सरकवत बसले. आपल्याला फक्त चार पावलं मागं सरायचं आहे.