मौनी मेहेरबाबा आणि ‘टॉमी’ची तबकडी

शेंदूरजनाघाट (प्रतिनिधी) – मे १९६९ मध्ये ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची ‘टॉमी’ ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका बाजारात आली. कानठळ्या बसविणारे वादन आणि कार्यक्रमाच्या अखेरीस व्यासपीठावरच गिटार फोडण्याची रीत, यासाठी हा वाद्यवृंद तोवर ख्यात होता, बदनामही होता. या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादक, तंत्रज्ञ, चित्रकार यांच्या नामावलीतच एक वेगळे नाव छापलेले होते. अवतार या पदापुढे लिहिले होते, मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेल्या, नगरजवळच्या माळरानावर राहिलेल्या आणि आयुष्यातील शेवटची साडेत्रेचाळीस वर्षे तोंडातून शब्दही न काढलेल्या एका इराणी गृहस्थाचे हे नाव होते. ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्यांचे निधन होऊन तीन-चार महिने लोटले होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातून विलायती रॉक संगीताविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु मेहेरबाबांचे विदर्भाशी जुने नाते आहे आणि त्यातील एक धागा तर थेट वऱ्हाडच्या गाडगे महाराजांपर्यंत जातो. त्याविषयी पुढे.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात झाला. घराणे झरतुष्ट्राच्या धर्माचे. वडील शेरियार यांनी तरुणपणी परमेश्वराच्या शोधात फकिराप्रमाणे भटकंती केली होती. मेरवानचे शालेय शिक्षण लष्कर भागातील सेंट व्हिन्सेंट शाळेत व पुढील शिक्षण डेक्कन महाविद्यालयात झाले. क्रिकेट, हाफिजच्या गजला आणि गाणे यांची त्याला मनापासून आवड होती.

महाविद्यालयातील वर्षांतच पुणे कॅम्पात चारबावडीजवळ कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वयोवृद्ध सूफी साध्वीने सायकलवरून जाणाऱ्या मेरवानला जवळ बोलावले. हे वर्ष १९१३. पुढे जानेवारी १९१४ मध्ये तिने त्याच्या भुवयांमध्ये चुंबन दिले आणि त्यानंतर कित्येक महिने त्याला खाण्यापिण्याची, झोपेची शुद्ध राहिली नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हे खरे मानायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मुलाचे शिक्षण सुटले आणि आईने त्याचा दोष बाबाजानला दिला, एवढे मात्र कोणत्याही घरात घडेल असेच आहे.

त्यानंतर मेरवान केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा, शिर्डीचे साईबाबा आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्याकडे गेला. साईबाबांनी त्याला पाहताच परवरदिगार असा उच्चार केला, अशी आठवण सांगितली जाते. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे लंडनमधील एका तबकडीवर भेटणार आहे. उपासनी महाराजांनी तर पहिल्या भेटीत दगडच फेकून मारला आणि तो नेमका कपाळाला लागला. याच सुमारास मेरवान वडिलांच्या ताडीच्या दुकानात काम करी व येणाऱ्या गिऱ्हाइकांना कमी पिण्याचा सल्ला देई. धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला आतबट्ट्याचा असला, तरी पुढील हकिगतीच्या संदर्भात तो लक्षणीय आहे.

१९२३ मध्ये अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) अरणगाव येथील लष्कराच्या ओसाड तळावर त्यांनी मेहेराबाद वसविले. तोवर शिष्यांनी त्यांना मेहेरबाबा हे नाव दिले होते. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धारण केले, ते कधीच सोडले नाही. प्रथम काही काळ ते लिहून सांगत. नंतर मुळाक्षरे लिहिलेल्या फळीवर बोट फिरवीत. ऑक्टोबर १९५४ मध्ये फळीही दूर केली आणि केवळ हातांच्या खुणा उरल्या. मौन सोडणार असल्याचे त्यांनी अनेकदा जाहीर केले, प्रत्यक्षात ते घडले नाही. पॉल ब्रंटन या इंग्रज लेखकाने १९३४ च्या पुस्तकात त्यांच्यावर कठोर टीका केली. त्यांनी स्वतःला अवतार म्हणवून घेणेही अनेकांना मान्य झाले नाही. ही बाजू झाकून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

१९३१ मध्ये ते पहिल्यांदा पश्चिमेकडे निघाले, तेव्हा ‘राजपुताना’ जहाजावर गोलमेज परिषदेला निघालेले महात्मा गांधी होते व उभयतांची भेट झाली. पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या बंगल्यावर त्यांचे स्वागत झाले. त्यांची प्रवचने संपादित केली ती नागपूरला तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या प्रा. चक्रधर धरणीधर देशमुख यांनी. चिंतामणराव देशमुखांशी आद्याक्षरांच्या साधर्म्यामुळे त्यांची गल्लत होऊ नये.

नोव्हेंबर १९५४ मध्ये, कार्तिकी एकादशीच्या यात्रेत, गाडगे महाराजांच्या आमंत्रणावरून मेहेरबाबा पंढरपूरला गेले. एकीकडे रात्रभर कीर्तनातून लोकांना व्यसन, कर्ज आणि नवससायास यांवरून फटकारणारा शेंडगावचा संत आणि दुसरीकडे केवळ बोटांनी बोलणारा मौनी. वारकऱ्यांच्या गर्दीत ही दोन माणसे शेजारी कशी दिसली असतील, याची कल्पनाच केलेली बरी. वर्षाव करणारी वाणी आणि संपूर्ण निःशब्दता यांचे जमले, कारण नशेविषयी आणि गोरगरिबांच्या सेवेविषयी दोघांचे मत एकच होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दोन मोटार अपघातांनी त्यांचे शरीर खचले. पहिला १९५२ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमात, दुसरा डिसेंबर १९५६ मध्ये साताऱ्याजवळ. दुसऱ्या अपघातात सोबतचे डॉ. नीलकंठ गोडसे मृत्यू पावले आणि बाबांचे कमरेचे हाड असे मोडले की नंतरचे चालणे कायमचे वेदनेचे झाले. वाढत्या एकांताच्या या काळातच पश्चिमेकडील तरुण पिढी त्यांच्या दाराशी येऊ लागली.

त्या पिढीची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. एलएसडी या रसायनाने चित्तवृत्ती पालटतात हे १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लक्षात आले होते. साठच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील टिमथी लिअरी व रिचर्ड अल्पर्ट यांच्या प्रयोगांमुळे ते विद्यार्थ्यांत पसरले. गोळी घेतली की ईश्वर दिसतो, अशी समजूत झाली. संगीतही त्याच रंगात न्हाले. १९६६ मध्ये ‘बर्ड्स’ या अमेरिकी लोकरॉक वाद्यवृंदाने गिटारमधून सतारीसारखे सूर काढले, १९६७ मध्ये बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली आणि वेष्टनांवर अक्षरे वितळू लागली. योग, सतार, गांजा आणि एलएसडी यांची एकच मोट बांधली गेली. भारत म्हणजे नशेचे माहेरघर, हा समज रूढ झाला तो याच काळात.

नेमक्या याच वेळी भारतातील एका गुरूने या मोटेची गाठ सोडली. हार्वर्डच्या त्या वर्तुळातील अ‍ॅलन कोहेन आणि इतर तरुणांनी पत्रे लिहून, काहींनी प्रत्यक्ष येऊन, बाबांना विचारणा केली. बाबांचे उत्तर निःसंदिग्ध होते. अशी द्रव्ये शरीराला, मनाला आणि साधनेला घातक आहेत. त्यांतून येणारा अनुभव हा भ्रमातील आणखी एक भ्रम असून गोळीने ईश्वर मिळत असेल तर तो ईश्वर म्हणवून घेण्यास पात्र नाही, असा त्याचा आशय. १९६६ मध्ये हे विचार पुस्तिकेच्या रूपाने निघाले आणि कोहेन यांच्यासारख्यांनी ते अमेरिकेतील महाविद्यालयांत पोहोचविले.

‘द हू’चे गीतकार व गिटारवादक पीट टाऊनशेंड जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी महोत्सवाहून परतत होते. विमानात घेतलेल्या एका मादक द्रव्याने त्यांना इतका भयंकर अनुभव आला की त्यांनी त्या वाटेला पुन्हा न जाण्याचे ठरविले. त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रकार माइक मॅकिनर्नी यांनी त्यांना मेहेरबाबांच्या विचारांची ओळख करून दिली. ‘टॉमी’चे वेष्टन रंगविले तेही याच मॅकिनर्नींनी.

‘टॉमी’ ही आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची कथा. त्याला बरे करण्यासाठी घरचे नाना उपाय करतात, त्यांत नशेची सुई टोचणारी एक बाईही येते; पण नशा काहीच साधत नाही. पुढे तो शुद्धीवर येतो, लोकांचा गुरू होतो आणि अखेरीस अनुयायी त्याच्यावर उलटतात. ही मेहेरबाबांची कथा आहे, असे कोठे कोठे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. जग हा भ्रम असून जीव टप्प्याटप्प्याने जागा होतो, ही बाबांची शिकवण कथेच्या मुळाशी आहे. मात्र भक्तिगीतांचा संग्रह काढण्याऐवजी टाऊनशेंड यांनी गुरुबाजीचीच चिकित्सा केली. ध्वनिमुद्रिकेचे मोल त्यातच आहे.

लंडनमधील आयबीसी स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९६८ पासून मार्च १९६९ पर्यंत चालले. ते चालू असतानाच ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे मेहेरबाबांचे निधन झाले. गुरू-शिष्यांची भेट झालीच नाही. बाबांनी एप्रिल ते जून या काळात पुण्याच्या गुरुप्रसाद बंगल्यात दर्शनाचा कार्यक्रम ठरविला होता. तो रद्द न करता पार पडला. ‘टॉमी’ दुकानांत आली त्याच दिवसांत देशोदेशीचे लोक पुण्यात रिकाम्या आसनासमोर नमस्कार करून परतत होते.

पुढची ध्वनिमुद्रिका ‘हूज नेक्स्ट’ १९७१ ची. तिचे पहिले गीत ‘बाबा ओरायली’ हे नाव मेहेरबाबा आणि अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्या नावांचा जोड आहे. बाबांच्या जीवनाचे तपशील सिंथेसायझरला पुरवून त्यातून सूर निर्माण करावेत, अशी मूळ कल्पना होती. शेवटी वाजला तो लॉवरी ऑर्गन. बाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या प्रार्थनेवरून टाऊनशेंड यांनी ‘परवरदिगार’ हे गीत रचले. ते १९७२ च्या ‘हू केम फर्स्ट’ या त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत आहे. ‘स्मॉल फेसेस’चे रॉनी लेन हेही बाबांचे अनुयायी झाले.

बाबांचा देह मेहेराबादच्या समाधीत आठवडाभर दर्शनासाठी ठेवला होता. ७ फेब्रुवारीला समाधी बंद झाली. आयुष्यभर कव्वाली आवडीने ऐकणाऱ्या या मौनी पुरुषाची इच्छा मात्र वेगळीच होती. त्यांच्या सांगण्यावरून तेथे कोल पोर्टर या अमेरिकी संगीतकाराच्या ‘बिगिन द बेगिन’ या प्रणयगीताची तबकडी लावण्यात आली. १९७० च्या फेब्रुवारीत, बाबांच्या जन्मदिनानिमित्त, टाऊनशेंड यांनी अनुयायांपुरती एक खासगी तबकडी काढली. तिच्यात मौनदिनावरचे एक गीत आहे आणि स्वतः टाऊनशेंड यांनी गायिलेले ‘बिगिन द बेगिन’ही आहे. १९७२ मध्ये ते स्वतः मेहेराबादला आले, तोवर समाधीला तीन वर्षे झाली होती.