देवासचा इंग्रज चिटणीस : ई. एम. फॉर्स्टर

इंग्रजी विषय घेतलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना ई. एम. फॉर्स्टर हे नाव ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीमुळे ठाऊक असते. हा लेखक काही महिने एका मराठी दरबारात चिटणीस होता, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. त्याने हयातभर जे छापू दिले नाही, त्यातील एक प्रकरण त्याच दरबारात घडले.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म 1 जानेवारी 1879 रोजी लंडन येथे झाला. दुसरे वर्ष पुरे होण्याआधीच वडील क्षयाने गेले. वडिलांच्या मावशीने 8000 पौंड मागे ठेवले, म्हणून केंब्रिजचे शिक्षण झाले आणि लिहायला सवड मिळाली. 1905 ते 1910 या काळात चार कादंबऱ्या निघाल्या आणि नाव झाले. चौथ्या कादंबरीत क्वीन्स हॉलमध्ये मंडळी बेथोवेनची पाचवी सिंफनी ऐकतात. वाद्यवृंद एकच, पण प्रत्येकाला त्यातून वेगळे काही ऐकू येते. फॉर्स्टर स्वतः पियानो वाजवीत. सिंफनी संपल्यावर मनात जो एकसंध नाद उरतो, तसा कादंबरीतून उरवता येईल काय, हा प्रश्न त्यांनी 1927 च्या व्याख्यानांतही घेतला.

फॉर्स्टर समलिंगी होते. ऑस्कर वाइल्डला 1895 मध्ये तुरुंगवास झाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि त्यांच्या पिढीला तो धडा पुरेसा होता. 1913-14 मध्ये त्यांनी दोन पुरुषांच्या प्रेमावर ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली. तिचा शेवट त्यांनी मुद्दाम सुखाचा केला आणि हस्तलिखित खणात ठेवले. ते निवडक मित्रांनाच वाचायला मिळे.

1912 साली ते प्रथम हिंदुस्थानात आले ते मित्र सय्यद रॉस मसूद यांच्या ओढीने. याच फेरीत त्यांची देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी ओळख झाली. माळव्यातील हे घराणे बाजीरावांच्या काळात उत्तरेत गेलेल्या मराठा सरदारांचे. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव 1947 मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. ज्या देवीच्या टेकडीखाली पुढे कुमार गंधर्वांचे घर झाले, तेच हे देवास.

1921 मध्ये महाराजांनी फॉर्स्टर यांना खासगी चिटणीस म्हणून बोलावले. काम बेताचे, कारभार विस्कळीत, बांधकामे अर्धवट. पण त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यांना मिळाली. आपल्या सापगाव-शहापूरकडे भजन आणि दहीहंडी म्हणजे गोकुळाष्टमी. देवासला तो दिवसेंदिवस चालणारा सोहळा होता. जुन्या वाड्यात भजन, बाहेर बँड, सगळे एकाच वेळी. महाराज अनवाणी देवापुढे गात आणि नाचत. शेवटी मातीचे गोकुळ तळ्यात विसर्जित होई. क्वीन्स हॉलच्या श्रोत्याला हा गलबला प्रथम असह्य झाला. मात्र 1924 च्या कादंबरीचा तिसरा भाग याच गलबल्यावर उभा आहे. तिथे प्राध्यापक गोडबोले मध्यरात्री तुकोबांचे नाव घेत नाचतात. जगभर वाचल्या गेलेल्या इंग्रजी कादंबरीत तुकाराम पोचले ते देवासच्या वाटेने, असे मला वाटते.

याच मुक्कामात आपल्या मनाचा कल त्यांनी महाराजांपुढे कबूल केला. नोकरी जाईल असे त्यांना वाटत होते. महाराजांनी राग धरला नाही. उलट सहानुभूती दाखवली आणि दरबारातील एका न्हाव्याशी त्यांचा संबंध जुळू दिला. हे प्रकरण मात्र सुंदर नाही. एकीकडे राजाचा गोरा चिटणीस, दुसरीकडे हुकमाचा ताबेदार. तिथे नकाराला जागा ती कितीशी? फॉर्स्टर त्या तरुणाशी कठोरपणे वागले आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आपल्या दुःखाला वाचा नसलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहीलच, असे नाही.

लंडनमध्ये 1920 पासून ‘मेमॉयर क्लब’ नावाची एक खासगी बैठक भरत असे. व्हर्जिनिया वुल्फ, अर्थशास्त्रज्ञ केन्स अशी मंडळी जेवणानंतर आपल्या आठवणी वाचून दाखवीत. आडपडदा ठेवायचा नाही, असा संकेत होता. फॉर्स्टरही तिथे वाचीत. मोजक्या मित्रांपुरती मोकळीक होती, दाराबाहेर कायदा होता. 1953 मध्ये देवासच्या आठवणींचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक निघाले. त्यात महाराज आहेत, गोकुळाष्टमी आहे, 1937 मध्ये पाँडिचेरीत झालेला महाराजांचा करुण अंतही आहे. न्हाव्याचे प्रकरण नाही.

1924 नंतर हयातीत त्यांची एकही नवी कादंबरी आली नाही. स्त्री-पुरुषांच्या त्याच त्या प्रेमकथा लिहिण्याचा कंटाळा आला होता, आणि दुसरे लिहिले तर छापता येत नव्हते. ते मौन एकदा संगीताने मोडले. बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘बिली बड’ या संगीतिकेची संहिता त्यांनी एरिक क्रोझियर यांच्याबरोबर लिहिली. 1 डिसेंबर 1951 रोजी ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये झाली. युद्धनौकेवरची कथा, त्यामुळे सारे आवाज पुरुषांचे. देखण्या, निष्पाप खलाशाबद्दल अधिकाऱ्याच्या मनात कोंडलेली ओढ द्वेष होऊन बाहेर पडते. या द्वेषाच्या गाण्यात वासनेची धग हवी, असा फॉर्स्टर यांचा आग्रह होता आणि त्यावरून ब्रिटन यांच्याशी त्यांची कुरबुरही झाली. जे त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितले नाही, ते भरल्या नाट्यगृहात मोठ्या वाद्यवृंदाने वाजवले.

1967 मध्ये इंग्लंडचा कायदा सैल झाला तेव्हा त्यांचे वय 88 होते. 7 जून 1970 रोजी कॉव्हेंट्री येथे, बॉब बकिंगहॅम या चाळीस वर्षांच्या सोबत्याच्या घरी, त्यांचे निधन झाले. ‘मॉरिस’ 1971 मध्ये निघाली. देवासचे वगळलेले पान 1983 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’च्या नव्या आवृत्तीत छापले गेले. त्या न्हाव्याची बाजू कोणी लिहून घेतली नाही.