दोरवाला हॅलिडी

केबल कार म्हटलं की आपल्याकडे रायगडचा रोपवे डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार मात्र हवेत लटकत नाही. ती भर रस्त्यात रुळांवरून चालते. तिला ना इंजिन, ना मोटार, ना डोक्यावर विजेची तार. मग ती जिन्यासारखा चढ चढते कशी? थर्ड इयरला मशीन्स शिकताना मला हा प्रश्न पडला आणि त्याच्या मागे लागता लागता एक अवलिया सापडला : अँड्र्यू स्मिथ हॅलिडी.

जन्म लंडनचा, १८३६ चा. वडील तारेचे दोर बनवणारे, त्यात पेटंट मिळवलेले. म्हणजे दोर घरातच होता! १८५२ साली बापलेक सोन्याच्या नादाने कॅलिफोर्नियात पोचले. सोन्याने काही हात दिला नाही. वर्षभरात वडील मायदेशी परतले, पण पोरगा मागेच राहिला. वय सतरा. खाणीत राबला, लोहारकाम केलं, सर्व्हे केले. एकोणिसाव्या वर्षी त्याने अमेरिकन नदीवर २२० फुटांचा झुलता पूल बांधून पाणी पलीकडे नेलं. मित्रांनो, एकोणिसाव्या वर्षी आपण सेकंड इयरची एटीकेटी मोजत असतो!

त्याची खरी गाडी सुरू झाली १८५६ मध्ये. एका खाणीत दगडांच्या गाड्या उतारावरून खाली सोडणारा दोर पंचाहत्तर दिवसांत झिजून जायचा. हॅलिडीने तिथेच जुगाड करून यंत्र उभं केलं आणि तारेचा दोर वळून दिला. तो दोन वर्षं टिकला. पुढच्याच वर्षी त्याने सॅन फ्रान्सिस्कोत दोरांचा कारखाना काढला. मग पूल झाले, आणि डोंगरातून खनिज वाहून आणणारा हवाई रोपवेसुद्धा झाला.

शहरात तेव्हा घोड्यांच्या ट्राम होत्या. १८६९ च्या सुमारास ओल्या फरशीच्या चढावर अशीच एक ट्राम मागे घसरली आणि घोडे तिच्यासोबत फरफटत खाली गेले. ते पाहून हॅलिडीच्या डोक्यात केबल कार आली, असं सांगतात. भूतदया असेलही, पण मला वाटतं दोर विकणाऱ्याला प्रत्येक चढावर गिऱ्हाईकही दिसत असणार. त्यात वाईट काय?

आता युक्ती बघा. रस्त्याखाली नाली, नालीत अखंड फिरणारा दोर. तो फिरवणारं वाफेचं इंजिन एका जागी, इमारतीत. गाडीतून एक पकड फटीतून खाली जाते. लिव्हर ओढला की पकड दोर धरते आणि गाडी निघते. सोडला की दोर पुढे पळत राहतो, गाडी ब्रेकवर थांबते. इंजिनचं वजन चढावर वाहायलाच नको. शिवाय उतरणाऱ्या गाड्यांचं वजन चढणाऱ्यांच्या कामी येतं. मेकॅनिकलवाल्यांनी याचा फ्री बॉडी डायग्राम काढून बघावा, मजा येते.

ऑगस्ट १८७३ च्या सुरुवातीला, क्ले स्ट्रीटवर, पहाटेच्या अंधारात चाचणी ठरली. परवान्याची मुदत संपत आलेली. लिव्हर धरायला नेमलेल्या गड्याने खालचा उतार पाहिला आणि पाय मागे घेतला, अशी आठवण सांगितली जाते. दोर तुटला किंवा पकड सुटली तर संपलंच! हॅलिडी स्वतः लिव्हरला उभा राहिला, गाडी खाली नेली आणि पुन्हा वरही आणली. त्याच वर्षी लाइन लोकांसाठी सुरू झाली.

पण एक गोष्ट मला खटकते. अशा लाइनची कल्पना आणि परवानगी हॅलिडीच्या आधी बेंजामिन ब्रूक्सकडे होती, फक्त पैसा उभा राहिला नाही. आणि क्ले स्ट्रीटच्या पकडीच्या डिझाइनमागे विल्यम एपलशायमर या जर्मन इंजिनिअरचं डोकं होतं. नाव झालं हॅलिडीचं. आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये काय होतं ते सांगायला नकोच. तरीही हॅलिडीला मी फुकटा म्हणणार नाही. पैसा त्याने जमवला, जोखीम घेतली आणि पहाटे जीवही त्यानेच पणाला लावला.

पुढे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद, विद्यापीठाच्या नियामक मंडळावर कित्येक वर्षं काम, आणि १९०० साली मृत्यू. सहाच वर्षांनी भूकंपाने शहर उद्ध्वस्त केलं. बऱ्याच केबल लाइन पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत, तिथे विजेच्या ट्राम आल्या. १९४७ मध्ये तर महापौर उरलेल्या गाड्याही भंगारात काढायला निघाले होते. फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईंनी लोकांना उठवलं, मतदान घडवलं आणि गाड्या वाचवल्या. १९६४ मध्ये त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.

आज तीन लाइन चालतात, दोर आता विजेच्या मोटारी ओढतात. वेग ताशी पंधरा किलोमीटर, म्हणजे आपली सायकलसुद्धा पुढे जाईल. कामावर जाणाऱ्यांची गाडी आता बहुतेक पर्यटकांची झाली आहे; फळीवर उभं राहून, खांब धरून, समोर खाली पसरलेली खाडी बघत जायचं. पॉवेल स्ट्रीटच्या टोकाला, हॅलिडी प्लाझाशेजारी, लाकडी चकतीवर गाडी येते आणि कर्मचारी खाली उतरून ती हाताने ढकलत फिरवतात. रांगेतले लोक फोटो काढत असतात.