टेनिसला गर्दी मिळवून देणारी सुझान

जानेवारीत मेलबर्न, मेअखेरीस पॅरिस, त्यानंतर विम्बल्डन आणि ऑगस्ट सरता सरता न्यूयॉर्क. टेनिसरसिकांचे वर्ष या चार स्थानकांवरून पुढे सरकते. त्यांपैकी पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर स्पर्धा सुरू झाली की एक नाव दिवसातून अनेकदा कानावर पडते. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्टाला सुझान लेंग्लेनचे नाव आहे. महिला एकेरीची विजेती जो चषक उंचावते, तोही तिच्याच नावाचा. योगायोग असा, की या संकुलात फ्रेंच अजिंक्यपदाचा एकही सामना सुझान खेळलेली नाही. १९२८ मध्ये ते उभे राहिले, तेव्हा तिच्यासाठी अशा स्पर्धांचे दरवाजे बंद होऊन दोन वर्षे लोटली होती. खेळून पैसे मिळवणे हा तिचा अपराध होता. आजचे सारे टेनिस ज्या पायावर उभे आहे, नेमका तोच.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चार्ल्स लेंग्लेन यांच्या घरचा घोड्यांच्या बसगाड्यांचा व्यवसाय होता आणि त्यातून कुटुंबाला चांगली सुबत्ता लाभली होती. लहानपणी सुझानची प्रकृती नाजूक होती. दम्याने ती हैराण होई. मोकळ्या हवेत खेळली तर अंगात थोडी ताकद येईल, या विचाराने वडिलांनी १९१० मध्ये तिच्या हाती रॅकेट दिली. मुलीच्या हाताला उपजत अचूकता आहे, हे थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानी आले आणि औषध म्हणून सुरू झालेला खेळ घराचे ध्येय होऊन बसला.

हे कुटुंब हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस येथे राहत असे. तिथल्या टेनिस क्लबमध्ये नामवंत पुरुष खेळाडू येत. चार्ल्स त्यांचा खेळ तासन्‌तास न्याहाळत. त्या काळी स्त्रियांचे टेनिस म्हणजे बेसलाइनवर उभे राहून चेंडू सावकाश परतवत राहणे, अशीच बहुतेकांची समजूत होती. आपल्या मुलीने पुरुषांसारखे खेळावे, जाळीजवळ धाव घेऊन चेंडू हवेतच टोलवावा, असे चार्ल्स यांनी ठरवले. कोर्टावर ठिकठिकाणी हातरुमाल अंथरून ते तिला नेम धरायला लावत. नेम साधला की कौतुक होई, चुकला की कडक शब्द ऐकावे लागत. या शिस्तीने सुझानला जगातला सर्वांत अचूक फटका दिला. पराभवाची धास्तीही बहुधा इथेच तिच्या मनात रुजली आणि ती पुढे जन्मभर तिच्या सोबत राहिली.

१९१४ मध्ये ती फ्रेंच अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचली. मार्गरिट ब्रोकेदीने तिला तीन सेटमध्ये हरवले. पण त्याच उन्हाळ्यात सेंट क्लाउड येथे झालेल्या जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धेत तिने विजेतेपद मिळवले. तेव्हा तिला नुकतेच पंधरावे वर्ष पूर्ण झाले होते. पाठोपाठ पहिले महायुद्ध पेटले आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या. उमेदीची पाच वर्षे सरावातच गेली.

विम्बल्डनवरचा तो दिवस

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सुझान पहिल्यांदा विम्बल्डनला उतरली. तोवर हिरवळीवरची एकही स्पर्धा ती खेळली नव्हती. तरीही तिने थेट अंतिम लढतीपर्यंत धडक मारली. समोर होत्या सात वेळच्या विजेत्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. त्यांचे वय चाळीस, सुझानचे वीस. एकीच्या अंगावर घोट्यापर्यंतचा पारंपरिक पोशाख, तर दुसरीच्या अंगावर आखूड बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा सैलसर झगा. शरीर आवळणारा कॉर्सेट सुझानने केव्हाच टाकून दिला होता. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहायला आले होते.

तो सामना म्हणजे दोन युगांची झुंज होती. पहिला सेट सुझानने १०-८ असा घेतला, दुसरा चेंबर्स यांनी ६-४ असा जिंकला. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स यांना दोन मॅच पॉइंट मिळाले. त्यातल्या एका गुणाच्या वेळी सुझानचा फटका रॅकेटच्या लाकडी कडेला लागला आणि चेंडू कसाबसा जाळीपलीकडे जाऊन पडला. तिथून तिने तो सेट ९-७ असा खेचून आणला. मधल्या वेळात वडील तिच्यासाठी ब्रँडी पाठवत होते, ही गोष्ट इंग्रज प्रेक्षकांना जितकी धक्कादायक वाटली तितकीच गमतीचीही. या लढतीत एकूण ४४ गेम खेळले गेले. विम्बल्डनच्या महिला अंतिम सामन्यातला हा उच्चांक १९७० पर्यंत अबाधित राहिला.

त्या दिवसापासून टेनिसचे प्रेक्षक बदलले. तोवर विम्बल्डन हा उच्चभ्रूंचा उन्हाळी समारंभ होता. आता सामान्य लंडनकर केवळ सुझानला पाहण्यासाठी रांगा लावू लागले. ती कोर्टावर जणू नृत्य करते असे लोकांना वाटे. चेंडूपर्यंत ती धावत नसे, झेपावत असे. तिने डोक्याला रंगीत पट्टा बांधला की पुढच्या महिन्यात शेकडो तरुणी तसाच पट्टा बांधून फिरत. पॅरिसचा विख्यात वेशभूषाकार जाँ पातू तिचे कपडे शिवू लागला. फ्रेंच वृत्तपत्रांनी तर तिला थेट देवतेची उपमा दिली.

वर्पल रोडवरच्या जुन्या मैदानाला ही गर्दी पेलवेना. १९२२ मध्ये विम्बल्डन आपले बिऱ्हाड चर्च रोडवरच्या प्रशस्त जागेत घेऊन गेले. हे स्थलांतर काही एकट्या सुझानमुळे झाले नाही, पण तिच्या वाट्याचे श्रेय इतिहासकार आवर्जून तिला देतात. तिकिटांसाठी सोडत काढण्याची पद्धतही त्याच दशकात रुजली. आज सोडतीत नाव लागावे म्हणून देव पाण्यात ठेवणारा रसिक नकळत सुझानच्याच काळातल्या रांगेत उभा असतो.

अजिंक्य, पण एकाकी

सुझानने विम्बल्डनची एकेरी सहा वेळा जिंकली. १९१९ ते १९२३ सलग आणि पुन्हा १९२५ मध्ये. त्या सहाही वर्षी एलिझाबेथ रायनच्या साथीने दुहेरीचे विजेतेपदही तिचेच होते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक पटकावताना तिने संपूर्ण स्पर्धेत अवघे चार गेम गमावले. १९२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीत पाच.

मात्र याच कारकिर्दीला एक डागही होता. १९२१ मध्ये ती अमेरिकेला गेली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या प्रदेशांसाठी निधी उभारणे, हा या दौऱ्याचा एक हेतू होता. अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत मोला मॅलरीविरुद्ध तिने पहिला सेट ६-२ असा गमावला. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच खोकल्याने बेजार होऊन तिने सामना सोडला. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. ती खरोखर आजारी होती की हरण्याच्या भीतीने निघून गेली, हा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने मॅलरीला ६-२, ६-० असे अर्ध्या तासाच्या आत गारद केले. तरी तो शिक्का पुरता पुसला गेला नाही. युद्धानंतर एकेरीत झालेला हा तिचा एकमेव पराभव. ज्यांना एकदाही हरण्याची मुभा नसते, त्यांच्या विजयातला आनंद हळूहळू आटत जातो. सुझानचेही तसेच झाले. सामन्यांआधीची बेचैनी वाढत गेली. १९२४ मध्ये काविळीने खंगल्यामुळे तिला विम्बल्डन अर्ध्यावर सोडावे लागले.

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी कान येथील कार्लटन क्लबवर ती हेलन विल्सविरुद्ध उभी राहिली. वीस वर्षांची ही शांत अमेरिकन मुलगी तिची वारसदार मानली जात होती. जगभरातले पत्रकार जमले होते. ज्यांना तिकीट मिळाले नाही, ते आसपासच्या झाडांवर आणि छपरांवर चढून बसले. सुझानने पहिला सेट ६-३ असा जिंकला. दुसऱ्यात ६-५ अशी आघाडी असताना विल्सचा चेंडू बाहेर गेल्याची आरोळी उठली. दोघींनी हस्तांदोलन केले आणि फुलांचे गुच्छही पुढे आले. इतक्यात ती आरोळी आपली नव्हे, कुणा प्रेक्षकाची होती आणि चेंडू आत पडला होता, असे लाइनमनने पंचांना सांगितले. जिंकलेला सामना पुन्हा सुरू झाला. विल्सने तो गेम घेतला. धपापणाऱ्या छातीने, उरलीसुरली शक्ती एकवटून सुझानने सेट ८-६ असा संपवला आणि ती बाकावर कोसळून रडू लागली. एकेरीत या दोघी पुन्हा कधीही एकमेकींसमोर आल्या नाहीत.

दरवाजे बंद झाले

त्याच वर्षी विम्बल्डनचा सुवर्णमहोत्सव होता. एका दिवशी सुझानचे एकेरी आणि दुहेरी असे दोन सामने लावले गेले. वेळापत्रकातील बदलाचा निरोप आणि तिची विनंती यांत घोळ झाला. ती मैदानावर उशिरा पोहोचली, तोवर राणी मेरी शाही कक्षात तिची वाट पाहत होत्या. ब्रिटिश वृत्तपत्रांनी हा राणीचा अपमान ठरवला. ज्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले होते, त्यांच्यातही आता नाराजीचा सूर उमटला. सुझानने स्पर्धेतून माघार घेतली. विम्बल्डनच्या हिरवळीवर ती पुन्हा स्पर्धेसाठी उतरली नाही.

काही आठवड्यांतच अमेरिकन आयोजक सी. सी. पाइल याच्याशी तिने ५० हजार डॉलरचा करार केला. त्या काळी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. बक्षिसाची रक्कम घेणे निषिद्ध होते. तिकीटविक्रीचा पैसा क्लब आणि संघटनांच्या तिजोरीत जाई. नामवंतांना खर्चाच्या नावाखाली गुपचूप काही दिले जाई, हेही सर्वांना ठाऊक होते. वडिलांची प्रकृती ढासळली होती आणि घरची पूर्वीची सुबत्ता ओसरली होती. आपल्या खेळावर आयोजकांनी लाखो फ्रँक कमावले, आपण मात्र प्रवेश शुल्क भरत राहिलो, अशी तिची उघड तक्रार होती. सर्वसामान्य घरातल्या गुणी खेळाडूने जगायचे कसे, हा तिचा प्रश्न होता. त्याला उत्तर देण्याऐवजी टेनिसच्या धुरिणांनी तिला बहिष्कृत केले. विम्बल्डनच्या क्लबने तिचे मानद सदस्यत्व काढून घेतले.

९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौऱ्याचा प्रारंभ झाला. तिथे सुमारे १३ हजार प्रेक्षक आले होते. अमेरिकेची तीन वेळची विजेती मेरी के. ब्राउन हिच्याविरुद्ध सुझान ३८ सामने खेळली आणि सगळे जिंकली. पण निकाल ठरलेला असला की खेळातली गोडी जाते. पाइलने नफा गाठीशी बांधून १९२७ च्या सुरुवातीला दौरा गुंडाळला. विल्ससारख्या तुल्यबळ खेळाडू हौशी टेनिसमध्येच राहिल्या. सुझानने पुढचे पाऊल टाकले खरे, पण तिच्यामागून चालणारे कुणी नव्हते. त्यानंतर ब्रिटनमधला एक छोटा दौरा वगळता तिची कारकीर्द संपली. तेव्हा ती अवघ्या अठ्ठावीस वर्षांची होती.

अखेरच्या वर्षांत तिने पॅरिसमध्ये मुलांना टेनिस शिकवले. एके काळी जिच्या हातरुमालांवर वडिलांची करडी नजर असे, ती आता इतरांच्या मुलांचे हात सावरत होती. १९३८ च्या जूनमध्ये तिचा आजार बळावला. २ जुलैला हेलन विल्सने विम्बल्डनची एकेरी आठव्यांदा जिंकली. दोनच दिवसांनी, ४ जुलैला, पंडुरोगाने सुझानचे निधन झाले. तिने चाळिशीही पाहिली नाही.

तिचा प्रश्न सुटायला आणखी तीस वर्षे जावी लागली. १९६८ मध्ये हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली भिंत पडली. सर्वांसाठी खुली झालेली पहिली मोठी स्पर्धा फ्रान्सचीच होती. तरी त्या वर्षी विम्बल्डनने रॉड लेव्हरला दोन हजार पौंड दिले आणि बिली जीन किंगला साडेसातशे. महिलांना पुरुषांइतके बक्षीस अमेरिकन ओपनने १९७३ मध्ये दिले, तर विम्बल्डनने त्यासाठी २००७ उजाडू दिले.

रोलाँ गॅरोसवरचे दुसरे मोठे कोर्ट १९९४ मध्ये बांधले गेले आणि १९९७ मध्ये त्याला सुझानचे नाव मिळाले. आज त्याच कोर्टावर खेळाडू पहिल्या फेरीत हरूनही मानाने मानधन घेऊन जातात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी सुझानला खेळाबाहेर जावे लागले, ती आता खेळाची रीत झाली आहे. पुढच्या वेळी तिच्या नावाच्या चषकावर विजेतीचे ओठ टेकतील तेव्हा, टेनिसला गर्दी देणाऱ्या या मुलीला त्या गर्दीने आणि त्या खेळाने काय परत केले, याचाही हिशेब रसिकांनी मनाशी मांडायला हवा.