रेडिओ गप्प का होतो?

मे २०२४ मधला तो वीकेंड आठवतोय? लडाखमधल्या हानले गावाहून काढलेले लालसर आकाशाचे फोटो तुमच्या-आमच्या मोबाइलवर फिरत होते. सूर्यावरून सुटलेले तापलेले, चुंबकीय ढग पृथ्वीवर आदळले होते. २००३ नंतर एवढं तीव्र भूचुंबकीय वादळ आलं नव्हतं. आपण फोटो लाइक केले आणि पुढे सरकलो. पण हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे ‘हॅम’ मंडळींची, पंचाईत झाली. एरवी समुद्रापलीकडून येणारे आवाज गायब! सेट चालू, अँटेना ठणठणीत आणि कानात नुसती खरखर.

असं का होतं, हे शोधण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या माणसाची ही गोष्ट. नाव एडवर्ड ॲपल्टन.

इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथे ६ सप्टेंबर १८९२ रोजी एडवर्डचा जन्म झाला. वडील गोदामात नोकरीला. पोरगा हुशार निघाला आणि १९११ मध्ये स्कॉलरशिप मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोहोचला. फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास मिळाला, स्फटिकांवर संशोधनही सुरू झालं. आता करिअर सेट, असं वाटावं तोच १९१४ चं महायुद्ध सुरू झालं.

एडवर्ड सैन्यात गेला. तिथे त्याच्याकडे संदेशवहनाचं काम आलं आणि रेडिओशी गाठ पडली. सिग्नल कधी खणखणीत येतो, कधी विरून जातो, असं का? युद्ध संपल्यावर तो केंब्रिजला परतला, तो हा प्रश्न घेऊनच. स्फटिक मागे पडले ते कायमचे.

१९२२ मध्ये बीबीसीचं प्रसारण सुरू झालं. लंडन केंद्राचा सिग्नल केंब्रिजमध्ये दिवसा स्थिर यायचा, रात्री मात्र वरखाली व्हायचा. तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, रेंज नाही, दुसरं काय! एडवर्डला त्यात धागा दिसला. मार्कोनीने १९०१ मध्ये रेडिओ संदेश अटलांटिकपार पाठवल्याचं जाहीर केलं होतं. पण पृथ्वी गोल आणि लाटा सरळ जाणाऱ्या, मग त्या वळल्या कशा? १९०२ मध्ये इंग्लंडच्या हेविसाइड आणि अमेरिकेच्या केनेलीने स्वतंत्रपणे अंदाज बांधला, की वर आकाशात विजेचं वहन करणारा एक थर असावा आणि लाटा त्याला आपटून परत येत असाव्यात. अंदाज झकास होता, पण थेट पुरावा वीस वर्षं कुणाकडे नव्हता.

१९२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने एडवर्डला प्राध्यापक केलं. वय अवघं ३२. म्हणजे आता त्यांना प्रोफेसर ॲपल्टन म्हणायला हवं! त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या रात्री, कार्यक्रम संपल्यावर, बीबीसीचं बोर्नमथ केंद्र त्यांच्या प्रयोगासाठी सुरू ठेवण्यात आलं. सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर ऑक्सफर्डमध्ये ॲपल्टन आणि त्यांचे न्यूझीलंडचे विद्यार्थी माइल्स बार्नेट रिसीव्हर लावून बसले.

प्रयोगाची आयडिया साधी होती. बोर्नमथहून निघालेली लाट दोन वाटांनी येणार, एक जमिनीलगत आणि दुसरी आकाशातल्या थरावर आपटून. दोन्ही एका तालात आल्या तर आवाज मोठा, ताल चुकला तर बारीक. मग प्रक्षेपणाची फ्रीक्वेन्सी हळूहळू बदलायची आणि आवाज किती वेळा मोठा-बारीक होतो ते मोजायचं. त्यावरून दोन वाटांच्या लांबीतला फरक कळतो आणि फरकावरून थराची उंची. उत्तर आलं साधारण ९० ते १०० किलोमीटर. थर खरोखर होता!

दोनच वर्षांनी त्यांना २०० किलोमीटरच्याही वर आणखी एक थर सापडला. पहिल्याला त्यांनी ‘ई’ म्हटलं, वरच्याला ‘एफ’, आणि खाली काही निघालंच तर ‘डी’. आजही तुमच्या पुस्तकात आयनोस्फिअरच्या थरांची हीच नावं आहेत.

आता येऊ वादळाकडे. १९३२-३३ हे दुसरं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष होतं. ॲपल्टन यांची तुकडी नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या ट्रॉम्सो गावी गेली. हा ध्रुवीय प्रकाशाचा मुलूख. इथे रेडिओ लाटा सरळ वर सोडायच्या आणि त्यांचा प्रतिध्वनी नोंदवायचा, असं काम होतं. पण चुंबकीय वादळ आलं की प्रतिध्वनी यायचाच नाही. कोरी पाटी!

तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये असं झालं तर काय कराल? वायरी तपासाल, सर्किटला शिव्या घालाल आणि शेवटी मित्राच्या जर्नलमधून रीडिंग उतरवाल. खरं सांगा! ॲपल्टन यांच्या तुकडीने मात्र प्रतिध्वनी न येणं हेच रीडिंग मानलं आणि चुंबकीय नोंदींशेजारी ठेवून पाहिलं. मग प्रश्न उरला, की आकाशातला आरसाच नाहीसा झाला, की आरशाच्या खाली बसून कुणी लाटा गिळतंय? त्यांनी दुसरं उत्तर काढलं आणि ते बरोबर निघालं. वादळात वेगवान कण ध्रुवाजवळ खोलवर घुसतात. त्यामुळे खालच्या, दाट हवेत इलेक्ट्रॉन मोकळे होतात. रेडिओ लाट त्यांना हलवते, ते हवेच्या रेणूंवर आपटतात आणि लाटेची ऊर्जा उष्णता होऊन संपते. आरसा वर असतो, पण लाट तिथवर पोहोचतच नाही.

फ्रीक्वेन्सी जितकी कमी, तितकी ही गळती जास्त. फ्रीक्वेन्सी निम्मी केली तर गळती साधारण चौपट. म्हणून १६० आणि ८० मीटर बँडवर लांबचे सिग्नल पकडणाऱ्या हॅमना अशा वादळाचा मोठा फटका बसतो. त्याहून खूप लांब लाटांवर, १३६ किलोहर्ट्झच्या आसपास काम करणाऱ्यांचा अनुभव तर आणखी चिवट. वादळ शमल्यावरही पृथ्वीभोवती अडकलेले इलेक्ट्रॉन झिरपत राहतात आणि रात्रीचे दूरचे सिग्नल काही दिवस क्षीणच राहतात.

मग वरचे बँड सेफ? तसंही नाही. १९३५ मध्ये ॲपल्टन आणि इन्ग्रॅम यांनी दाखवून दिलं, की चुंबकीय वादळात वरच्या एफ थरातले इलेक्ट्रॉन कमी होतात. म्हणजे तिथे आरसाच पातळ होतो आणि जास्त फ्रीक्वेन्सीच्या लाटा आरपार निघून जातात.

हे सगळं नॉर्वे-इंग्लंडचं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर ग्लोब घ्या. मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. तो रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलंडजवळून जातो. म्हणजे मुंबईच्या हॅमने न्यूयॉर्कला घातलेली साद ट्रॉम्सोच्याच पट्ट्यातून जाते. आणि ते वादळ आपल्याकडेही नोंदलं जातं, थेट अलिबागला! विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये तिथे हलवली गेली, ती आजही काम करतेय.

आणखी एक दुवा आहे. इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त विषुववृत्तावर असावेत, असं आपल्याला वाटतं. ॲपल्टन यांनी १९४६ मध्ये दाखवलं, की चुंबकीय विषुववृत्तावर उलट खळगा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे. भारतात खळगा दक्षिण टोकाकडे, उंचवटा गुजरात-मध्य प्रदेशाच्या आकाशात, आणि आपला महाराष्ट्र त्यांच्या मधल्या चढावर. जीपीएसचे सिग्नल याच थरांतून येतात, त्यामुळे ‘ॲपल्टन ॲनॉमली’चा अभ्यास आजही संपलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला रडारने मोठी साथ दिली. लाट सोडा, प्रतिध्वनी पकडा आणि अंतर काढा, या रडारच्या मागच्या कल्पनेला ॲपल्टन यांच्या कामाचा आधार होता. १९४७ मध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. १९४९ पासून ते एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख होते आणि २१ एप्रिल १९६५ रोजी, त्याच पदावर असताना ते गेले.

तेव्हा पुढच्या वेळी प्रॅक्टिकलमध्ये काहीच आलं नाही, तर सर्किट जरूर तपासा. पण ते ठीक असेल, तर खाडाखोड न करता ‘काही आलं नाही’ असं लिहा, शेजारी तारीख आणि वेळ टाका. ट्रॉम्सोच्या त्या कोऱ्या नोंदी कुणी खोडल्या असत्या, तर वादळात रेडिओ गप्प का होतो, हे कळायला कोण जाणे आणखी किती वर्षं लागली असती!